स्विंग सोशलमध्ये दर गाण्याला नवा जोडीदार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लासमध्ये पावलं थोडीफार बसली की पुढची पायरी म्हणजे सोशल. गाणी वाजत असतात, फ्लोअर सगळ्यांसाठी खुला असतो आणि कुणीही कुणालाही नाचायला विचारू शकतं. पहिल्यांदा येणाऱ्याला धास्ती असते ती पावलांपेक्षा माणसांची: विचारायचं कुणाला, विचारायचं कसं, नको असेल तर सांगायचं कसं. लिंडी हॉप, चार्ल्स्टन, बाल्बोआ, शॅग या स्विंग प्रकारांपैकी, म्हणजे जॅझ संगीतावरच्या नाचांपैकी, काहीही नाचत असाल तरी पुढची उत्तरं उपयोगी पडतील. त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. सोशलमध्ये आपण एकमेकांना जो शब्द देतो, तो एका गाण्यापुरता असतो.

जोडीदार सोबत आणावा लागतो का?

नाही. एकट्याने येणारे भरपूर असतात, आणि जोडीने आलेलेही रात्रभर इतरांसोबत नाचतात. सोशलच्या आधी नवख्यांसाठी छोटा वर्ग ठेवलेला असेल तर तो चुकवू नका. त्यात दर काही मिनिटांनी जोडीदार बदलतात, त्यामुळे सोशल सुरू होईपर्यंत पाच-सात चेहरे ओळखीचे झालेले असतात. पहिलं गाणं त्यांच्यापैकी कुणाला तरी विचारणं सोपं जातं.

पण दर गाण्याला जोडीदार बदलायचा कशासाठी?

हा नाच मुळात असाच घडला. लिंडी हॉप १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय तरुणांनी घडवला. १९२६ साली लेनॉक्स अॅव्हेन्यूवर सुरू झालेली सॅव्हॉय बॉलरूम हे त्याचं मोठं घर. तिथे बँडसाठी दोन मंच होते. एक बँड थांबला की दुसरा सुरू व्हायचा आणि संगीतात खंड पडायचा नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी वर्णभेद पाळला जात असताना सॅव्हॉयमध्ये कृष्णवर्णीय आणि गोरे एकाच फ्लोअरवर नाचत. १९५८ मध्ये ती बंद झाली, पण अनोळखी माणसासमोर हात पुढे करायचा आणि गाणं संपेपर्यंत त्याच्यासोबत राहायचं, ही सोशलची रीत टिकली.

दुसरं कारण शिकण्याचं आहे, आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं आहे. एकाच व्यक्तीसोबत महिनोन्‌महिने नाचलात की दोघांनाही एकमेकांच्या सवयी पाठ होतात. लीडचा, म्हणजे पुढची चाल सुचवणाऱ्याचा, इशारा अस्पष्ट असला तरी फॉलोचं, म्हणजे ती सूचना पुरी करणाऱ्या व्यक्तीचं, पाऊल बरोबर पडतं, कारण पुढे काय येणार हे तिला आधीच माहीत असतं. दोघांनाही वाटतं, आपल्याला स्विंग आऊट (जवळ येऊन पुन्हा लांब जाण्याची लिंडी हॉपची मूळ चाल) छान जमतो. नव्या माणसासोबत तोच स्विंग आऊट लगेच अडखळतो आणि नेमकं काय कच्चं राहिलंय ते समजतं. कुणी उंच असतं, कुणी बुटकं. कुणाच्या हातात ताण जास्त असतो, कुणी इतकं हलकं नाचतं की हाताला वजनच लागत नाही. कुणी ट्रिपल स्टेप (दोन मात्रांत तीन पावलं) ठसक्यात टाकतं, कुणी जमिनीवरून घसरत नेल्यासारखी. या प्रत्येकासोबत पहिल्या काही ठेक्यांत जुळवून घेणं हेच सोशल नाचण्याचं खरं कसब आहे आणि ते घरी सराव करून येत नाही.

मी माझ्या नवऱ्यासोबत (किंवा बायकोसोबत, मैत्रिणीसोबत) येते. फक्त एकमेकांसोबतच नाचलो तर चालेल?

चालेल. कुणासोबत नाचायचं हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. सोशलमध्ये मात्र सगळेच सगळ्यांना विचारतात, त्यामुळे तुम्हालाही विचारलं जाईल. तेव्हा “आज आम्ही दोघंच नाचतोय” एवढं सांगितलं की पुरे. तरी एक सुचवते: पहिलं आणि शेवटचं गाणं एकमेकांसोबत ठेवा आणि मधली काही इतरांसोबत नाचून पाहा. दोघंही काहीतरी नवं शिकून परत याल.

जोडीतल्या एकाला विचारायचं असेल तर थेट त्याच व्यक्तीला विचारा. “तुमच्या बायकोसोबत नाचू का?” असं नवऱ्याला विचारणं काहींना सभ्यपणाचं वाटतं. पण नाचणार ती आहे, तेव्हा होकार-नकारही तिचाच.

नाचायला विचारायचं कसं?

समोर या, नजर मिळवा, “नाचायचं का?” असं विचारा आणि हात पुढे करा. मग उत्तरासाठी थांबा. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. हात धरून फ्लोअरकडे ओढत नेणं म्हणजे विचारणं नव्हे. ओळखीच्या माणसासोबतही तसं करू नका.

कुणीही कुणालाही विचारू शकतं: फॉलो लीडला, नवखा सराईताला, बाई बाईला, पुरुष पुरुषाला. विचारलं जाण्याची वाट पाहत बसायचं असा नियम कुठेही नाही. वेळ मात्र पाहावी. कुणी गप्पांमध्ये रंगलंय, पाणी पितंय, बूट बदलतंय, डोळे मिटून ऐकतंय, तर पुढच्या गाण्यापर्यंत थांबा. जी व्यक्ती फ्लोअरच्या कडेला उभी राहून पायाने ठेका धरतेय, तिला बहुतेक वेळा नाचायचंच असतं.

नाही म्हणता येतं का? कारण द्यावं लागतं का?

नाही म्हणता येतं, आणि कारण द्यावं लागत नाही. “नाही, थँक यू” हे पूर्ण उत्तर आहे. दमलात, गाणं आवडलं नाही, त्या व्यक्तीसोबत नाचायचं नाही, यातलं काहीही असो, ते समोरच्याला सांगायला तुम्ही बांधील नाही. खोटी सबब सांगण्यापेक्षा साधा नकार बरा. “आत्ता नको, नंतर नाचू” हे मनात खरंच असेल तरच म्हणा, आणि म्हटलंत तर नंतर तुम्ही स्वतः जाऊन विचारा.

जुन्या बॉलरूम शिष्टाचारात एकाला नकार दिला की ते गाणं बसूनच काढायचं, असं मानत. काही ठिकाणी आजही नवख्यांना हेच शिकवलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. असा दंडक असला की माणसं नको असलेल्या व्यक्तीला होकार देतात, कारण नकार दिला तर आवडतं गाणंही हातचं जातं. नकार सहज देता आला तरच होकाराला अर्थ राहतो. हां, एकाला नाही म्हणून त्याच क्षणी त्याच्यासमोर दुसऱ्याचा हात धरणं दुखावणारं असतं. तेव्हा “हे गाणं आधीच कुणालातरी दिलंय” एवढं, खरं असेल तर, सांगून टाकावं.

मला नकार मिळाला. मनाला लागलं. आता काय करू?

हसून “बरं” म्हणा आणि दुसऱ्या कुणाला विचारा. कारण विचारू नका, आर्जव करू नका. बहुतेक नकारांचा तुमच्याशी काही संबंध नसतो: कुणाचा गुडघा दुखत असतो, कुणाला त्या वेगाचं गाणं झेपत नाही, कुणाला दोन मिनिटं श्वास घ्यायचा असतो. एकाच व्यक्तीने एका रात्रीत दोनदा नकार दिला, तर तिसऱ्यांदा विचारू नका. नाचायचं असेल तर ती स्वतः येईल.

एका जोडीदारासोबत किती गाणी?

बहुतेक ठिकाणी एक, काही ठिकाणी सलग दोन. तिथली पद्धत पाच मिनिटं बघत उभं राहिलं की कळते. १९३०-४० च्या दशकांतल्या मूळ ध्वनिमुद्रणांवर नाचत असाल तर एक गाणं साधारण तीन मिनिटांचं असतं, कारण त्या काळच्या १० इंची ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. म्हणूनच नाच कितीही अवघड गेला तरी तो लवकर संपतो. प्रत्यक्ष बँड असेल तर मात्र वादक एकेक करून सोलो घेत राहतात आणि गाणं बरंच लांबतं. अशा वेळी मध्येच थांबून “दमले, इथेच थांबू या का?” म्हणण्यात गैर काही नाही.

गाणं संपल्यावरचा “थँक यू” म्हणजे नाच संपला. दुसरं गाणं हवं असेल तर “अजून एक?” असं विचारा. हात धरून ठेवणं म्हणजे विचारणं नव्हे.

लीड म्हणजे पुरुष आणि फॉलो म्हणजे बाई का?

नाही. लीड आणि फॉलो या नाचातल्या भूमिका आहेत. पूर्वी त्या बहुतेक वेळा पुरुष आणि बाई अशाच वाटल्या जायच्या. आज स्विंगमध्ये दोन्ही भूमिका शिकणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे अनोळखी व्यक्तीसोबत फ्लोअरवर जाताना “लीड की फॉलो?” हा प्रश्न विचारून टाकावा. दोघांनाही दोन्ही येत असेल तर गाण्याच्या मध्येच भूमिका बदलता येतात, आणि त्यात खूप मजा असते.

फॉलो म्हणजे मुकाट्याने मागे जाणारी व्यक्ती, हाही गैरसमज आहे. लीड दिशा आणि वेळ सुचवतो. फॉलो ती सूचना कशी पुरी करायची ते ठरवते: पावलं गुंफते, एखाद्या मात्रेवर थबकते, वळण लांबवते. चांगला लीड ते ऐकतो आणि पुढची सूचना त्यावरून करतो. जोडीदार बदलला की हे ऐकणं दर वेळी नव्याने सुरू होतं.

मला दोन-तीनच स्टेप्स येतात. समोरच्याला कंटाळा येईल ना?

स्टेप्सची संख्या कमी म्हणून सहसा कुणी कंटाळत नाही. कंटाळा येतो तो ठेका हरवला की, आणि आपल्याकडे कुणाचं लक्षच नाही असं वाटलं की. सहा मात्रांचा साधा बेसिक घ्या: रॉक स्टेप (एक पाऊल मागे आणि परत जागेवर), ट्रिपल स्टेप, ट्रिपल स्टेप. तेवढ्यावर अख्खं गाणं सुंदर काढता येतं. बँड हळू झाला की पावलं लहान करा, ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन) जोरात आला की मोठी. गाणं क्षणभर थांबलं की तुम्हीही थांबा. एक वळण, बंद (जवळच्या) पकडीतून मोकळ्या (नुसत्या हातांच्या) पकडीत जाणं आणि परत येणं, एवढी भर घातलीत तरी भरपूर झालं. चाळीस स्टेप्स एकामागून एक भराभर उरकणाऱ्या लीडसोबत नाचल्यावर फॉलोच्या लक्षात फक्त घाई राहते.

चुकलात तर हसा आणि पुन्हा ठेका पकडा. दर चुकीला “सॉरी” म्हणू नका. माफी मागण्यात लक्ष गेलं की पुढचं पाऊलही हुकतं.

सराईत डान्सर्सना विचारायला भीती वाटते.

विचारा. आज जे सराईत आहेत त्यांच्यासोबतही सुरुवातीला कुणीतरी जाणतं माणूस नाचलं होतं, आणि बहुतेकांना ते लख्ख आठवत असतं. “मी नवी आहे” हे एकदा सांगा. सारखं सांगू नका. चांगला डान्सर तुमच्या पातळीवर येऊन नाचतो आणि त्याला त्यातही आनंद मिळतो.

सराईतांनाही एक सांगणं आहे. रात्रभर आपल्याच चार-पाच जणांत नाचू नका. समोरच्याला काय जमतं ते पहिल्या वीस सेकंदांत कळतं. नाच त्याच्या आतच बसवा. नवख्या फॉलोला तीनदा गिरकी देऊन सोडणं सोपं आहे. तिला “मला येतं हे” असं वाटायला लावणं अवघड आहे, आणि फ्लोअरला गरज त्याचीच आहे.

नाचताना जोडीदाराची चूक दाखवावी का?

नाही. सोशल म्हणजे क्लास नाही. न मागता दिलेली सूचना कितीही गोड शब्दांत असली तरी ऐकणारा पुढची अडीच मिनिटं स्वतःच्या पायांकडे बघत नाचतो. कुणी आपणहून विचारलं तर गाणं संपल्यावर, बाजूला जाऊन सांगा.

याला एक अपवाद आहे, आणि तो ठामपणे वापरावा: दुखत असेल तर लगेच बोला. “मनगट दुखतंय, जरा हलकं धरा”, “खांद्याला त्रास आहे, हात वर नको” असं म्हणणं म्हणजे शिकवणं नव्हे. तुमच्या शरीराबद्दलची माहिती समोरच्याला हवीच असते.

हात कुठे ठेवायचे? किती जवळ उभं राहायचं?

बंद पकडीत लीडचा उजवा हात फॉलोच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याच्या आसपास असतो. कमरेवर नाही आणि त्याखाली तर नाहीच. फॉलोचा डावा हात लीडच्या दंडावर किंवा खांद्यावर. उरलेले दोन हात एकमेकांत, सैल. मोकळ्या पकडीत बोटं नुसती अडकवलेली असतात. अंगठ्याने वरून आवळू नका, कारण वळताना मनगट पिरगळतं.

अंतर जास्त हवं असणाऱ्याचं ऐकलं जातं. एकाला जवळ आणि दुसऱ्याला दूर नाचायचं असेल तर दूर नाचायचं. हे बोलूनच ठरवावं लागतं असं नाही: फॉलोने दंडावरच्या हाताने हलकासा आधार धरून अंतर राखलं की समजून घ्यावं. बाल्बोआ छातीला छाती लावून नाचतात, म्हणून नव्या जोडीदारासोबत ते सुरू करण्याआधी “बाल्बोआ चालेल का?” असं विचारावं. डिप, म्हणजे जोडीदाराला मागे झुकवणं, यासाठीही आधी विचारावं. पाठीचं दुखणं बाहेरून दिसत नाही.

कुणासोबत नाचताना अस्वस्थ वाटलं तर?

गाणं पूर्ण करायची सक्ती नाही. “मी थांबतेय” म्हणा आणि फ्लोअरवरून बाहेर या. सुरुवातीला म्हटलेला एका गाण्याचा शब्दसुद्धा समोरचा नीट वागतोय तोवरच असतो. एखाद्या स्पर्शाबद्दल “हे चुकून झालं असेल का?” अशी शंका असेल तर एकदा स्पष्ट सांगून पाहा: “हात वर घ्या.” चुकून झालं असेल तर तो लगेच सुधारतो आणि पुन्हा तसं होत नाही.

नंतर आयोजकांना सांगा. आता अनेक ठिकाणी यासाठी नेमलेली माणसं असतात आणि वागणुकीचे नियम दाराशी लावलेले असतात. तुमची तक्रार लहान वाटली तरी सांगा, कारण तीच गोष्ट आणखी दोघींनी सांगितलेली असू शकते. जो माणूस एकेका नव्या मुलीला गाठून त्रास देतो, त्याचं वागणं आयोजकांना असे तुकडे जुळल्यावरच दिसतं. आणि जे आयोजक “तो जुना डान्सर आहे, तसा चांगला आहे” म्हणून विषय झटकतात, त्यांच्या सोशलला जाऊ नका.

फ्लोअरवर गर्दी असते. धक्के लागतात.

धक्का लागला की दोन्ही जोड्यांनी एकमेकांकडे बघून हात वर करायचा, “ठीक आहे ना?” विचारायचं आणि पुढे नाचायचं. चूक कुणाची होती याची चर्चा नको. फॉलोला कुठे पाठवायचं हे लीड ठरवतो, म्हणून तिथली जागा मोकळी आहे का हे बघणं त्याचं काम. फॉलोलाही लीडच्या पाठीमागचं दिसतं. कुणी आदळणार असेल तर तिने हात घट्ट करून थांबवावं. गर्दीत पावलं लहान ठेवा आणि चार्ल्स्टनच्या किक्स जमिनीलगत मारा.

उचलून फेकण्याच्या एरियल्स सोशलमध्ये करायच्या नाहीत. फ्रँकी मॅनिंग आणि फ्रीडा वॉशिंग्टन यांनी १९३५ मध्ये सॅव्हॉयमध्ये लिंडी हॉपमधली पहिली एरियल केली, ती स्पर्धेत आणि भरपूर सराव करून. अनोळखी जोडीदार, चारी बाजूंना माणसं आणि सराव शून्य अशा स्थितीत तिचा शेवट दवाखान्यात होऊ शकतो.

गाणं फार जलद असेल तर?

मिनिटाला १२० ते १८० ठोके हा बहुतेकांना झेपणारा वेग. २०० च्या पुढे दम लागतो. तिथे ट्रिपल स्टेप सोडून साधी पावलं टाका, चार्ल्स्टन करा, किंवा येत असेल तर बाल्बोआ. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गच्च भरलेल्या बॉलरूम्समध्ये वाढल्यामुळे त्याची पावलं मुळातच छोटी आहेत. ते गाणं सोडून दिलंत तरी काही बिघडत नाही.

घाम, कपडे, बूट?

घाम येणारच. जास्तीचे एक-दोन शर्ट, छोटा टॉवेल, डिओडरंट आणि तोंडासाठी मिंट पिशवीत ठेवा आणि शर्ट भिजला की बदला. उग्र अत्तर टाळा. मोठ्या अंगठ्या, लांब माळा, टोकदार ब्रेसलेट काढून ठेवा; ती केसांत आणि बोटांत अडकतात. बुटांचा तळ गुळगुळीत हवा, चामड्याचा किंवा स्वेडचा. रबरी तळ जमिनीला चिकटतो आणि वळताना गुडघ्यावर ताण येतो.

स्नोबॉल, जॅम, शिम शॅम ही काय भानगड आहे?

स्नोबॉलमध्ये एक जोडी मधोमध सुरू करते. “स्नोबॉल!” असा पुकारा झाला की दोघं वेगळे होतात आणि कडेच्या दोघांना आत घेतात. दर पुकाऱ्याला जोड्या दुप्पट होतात आणि गाणं संपेपर्यंत सगळा फ्लोअर भरतो. नवख्यांसाठी हे फार छान, कारण कुणाला विचारायचं याचा विचार करायला वेळच मिळत नाही.

जॅममध्ये सगळे गोल करून टाळ्या वाजवतात आणि एकेक जोडी थोडा वेळ मध्ये येऊन नाचून जाते. मध्ये जायची सक्ती नसते. वाढदिवसाच्या जॅममध्ये ज्याचा वाढदिवस, तो मध्येच राहतो आणि इतर जण पाळीपाळीने त्याच्यासोबत नाचतात; आपली पाळी आठ-दहा सेकंदांची ठेवा, म्हणजे सगळ्यांना संधी मिळेल.

शिम शॅमला जोडीदार लागत नाही. लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस टॅपसाठी बसवलेली ही रचना आता स्विंगवाले रांगेत उभे राहून एकत्र नाचतात. येत नसेल तर मागच्या रांगेत उभं राहून पुढच्याचे पाय बघा.

मला कुणीच विचारत नाही.

फोन खिशात घाला आणि भिंतीपासून सुटून फ्लोअरच्या कडेला उभे राहा. आणि स्वतः विचारा. जे बसलेत त्यांच्यापैकी बरेच जण तुमच्यासारखेच कुणीतरी विचारेल म्हणून थांबलेले असतात. तीन-चार वेळा त्याच सोशलला गेलात की लोक तुम्हाला ओळखायला लागतात आणि मग विचारणं दोन्ही बाजूंनी सुरू होतं. आयोजकांनाही सांगून बघा, “मी नवा आहे, कुणाशी ओळख करून द्याल का?” ते आनंदाने करून देतात.

शेवटचं गाणं कुणासोबत नाचायचं?

ते बहुतेक वेळा संथ असतं, काही ठिकाणी ब्लूज. संथ गाण्यात माणसं साहजिकच जवळ नाचतात, म्हणून अनेक जण ते आपल्या माणसासाठी किंवा जुन्या मित्रासाठी राखून ठेवतात. तुम्हाला कुणासोबत नाचायचं असेल तर आधीच्या गाण्यातच विचारून ठेवा. अनोळखी व्यक्तीलाही विचारता येतं, फक्त नेहमीचं अंतर ठेवूनच सुरुवात करा. आणि नाचायचंच नसेल तर तेवढ्या वेळात बूट बदलून घ्या, खुर्च्या आवरायला मदत करा.